लेबल छापायला देण्याआधी



पापड, लोणची, मसाले, नाचणीचं सत्त्व, शेंगदाण्याची चटणी... आपल्या बचत गटांचा माल आता आठवडे बाजारापुरता राहिलेला नाही. तो तालुक्याच्या प्रदर्शनात असतो, पुण्याच्या भीमथडी जत्रेत असतो, शहरातल्या सोसायट्यांमध्येही पोचतो. चव आपल्या हातची आहे, तिची काळजी नाही. पण शहरातली बाई पाकीट फोडून चव बघत नाही. ती पाकीट हातात घेते, उलटंसुलटं करते आणि लेबल वाचते. पिशवीत टाकायचं की परत ठेवायचं, हे तेवढ्यात ठरतं.

म्हणून आज आपण लेबलाविषयी बोलू या. ते छापखान्यात देण्याआधी त्याची फाईल कशी तयार झाली पाहिजे, ह्याविषयी. फाईल म्हटलं की आपण म्हणतो, "ते आपलं काम नाही बाई, ते संगणकवाल्या पोराचं." संगणक त्यालाच चालवू दे. पण त्याला काय विचारायचं आणि त्याच्याकडून काय मागून घ्यायचं, हे आपल्याला माहीत हवं. कारण पैसे आपल्या बचतीचे आहेत.

एका गटाची गोष्ट सांगते. त्यांनी मिरचीच्या लोणच्याची दोन हजार लेबलं छापून घेतली. छापण्याआधी नमुना मोबाईलवर आला होता. सगळ्यांनी पाहिला, मिरचीचा लाल रंग छान आला होता. "छान आहे दादा, छापा," असा निरोप गेला. लेबलं आली, बरण्यांना चिकटवायला घेतली, तेव्हा एकीच्या लक्षात आलं की अन्न परवान्याचा नंबर चौदा आकडी असतो आणि इथं तेराच आकडे आहेत. रंग सगळ्यांनी पाहिला होता, आकडे कुणी मोजले नव्हते. छापखान्याचं यंत्र विचार करत नाही, फाईलमध्ये असेल तेच ते छापतं. चूक एकच असते, पण ती दोन हजार वेळा छापली जाते.

मापाची माया

सुरुवात मापापासून करू. लेबल ज्या बरणीला लावायचं तीच बरणी समोर घ्या. तिच्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळा, खूण करा आणि पट्टी सरळ करून मोजा. माप मिलिमीटरमध्ये लिहा. "मध्यम बरणीचं लेबल" असं सांगून चालत नाही.

समजा, लेबल १०० मिलिमीटर रुंद आणि ६० मिलिमीटर उंच हवं आहे. तर फाईल तेवढीच करायची नाही. चारही बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर जास्त ठेवायचे, म्हणजे फाईल १०६ बाय ६६ झाली. ह्या जास्तीच्या जागेला छापखान्यात ब्लीड म्हणतात. ब्लाऊज शिवताना आपण कापड नेमक्या मापावर कापतो का? नाही, शिवणीसाठी माया सोडतो. ब्लीड म्हणजे छपाईतली माया.

ती कशाला लागते? छापलेले कागद गठ्ठ्यानं एकावर एक ठेवून पात्यानं कापतात. गठ्ठा केसभर सरकतोच. लेबलाचा हिरवा रंग नेमका कडेपर्यंतच असेल, तर सरकलेल्या बाजूला पांढरी रेघ दिसते. रंग तीन मिलिमीटर बाहेर गेलेला असेल, तर पातं कुठंही पडलं तरी कड हिरवीच राहते.

मायेसारखंच आतल्या बाजूलाही अंतर सोडायचं. गटाचं नाव, वजन, किंमत, नंबर हे काहीही कापायच्या रेघेपासून चार-पाच मिलिमीटर आत असावं. नाहीतर पातं इकडं सरकलं की "५०० ग्रॅम"चा शेवटचा "म" कापला जातो.

मोबाईलवर कॅनव्हासारख्या ॲपमध्ये लेबल करणाऱ्या मुली आता गावोगाव आहेत. त्यांना सांगा, डाउनलोड करताना साधं चित्र घेऊ नका, "पीडीएफ प्रिंट" निवडा आणि क्रॉप मार्क व ब्लीडच्या पर्यायावर खूण करा. क्रॉप मार्क म्हणजे कुठं कापायचं ते दाखवणाऱ्या कोपऱ्यातल्या बारीक रेघा.

मोबाईलचा रंग आणि कागदाचा रंग

पुण्याला रंगीत छपाई नवीन नाही. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इथं चित्रशाळा छापखाना सुरू केला. तिथली देवादिकांची रंगीत चित्रं घरोघर गेली. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला आला. तेव्हा अशी चित्रं दगडावरून छापत. चित्रातला एकेक रंग वेगळ्या दगडावर काढायचा आणि तोच कागद एकेका दगडावर पुन्हा पुन्हा छापायचा. एखादा रंग जरा सरकला, तर देवीच्या ओठांची लाली गालावर जायची.

आज दगड गेले, धातूच्या पातळ प्लेटा आल्या. तत्त्व तेच राहिलं. ऑफसेट छपाईत चार रंगांच्या चार प्लेटा असतात : निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा. ह्याला छापखान्यात फोर कलर म्हणतात. ह्या चारांचे बारीक ठिपके शेजारी-शेजारी आणि एकमेकांवर पडतात आणि आपल्या डोळ्याला हजार रंग दिसतात.

मोबाईलचं तसं नसतं. तिथं रंग उजेडातून तयार होतो, कागदावर शाईतून. ओली साडी गडद दिसते आणि वाळली की रंग उतरल्यासारखा वाटतो, तसंच काहीसं इथं होतं. पडद्यावरचा झगझगीत पोपटी, राणी रंग, चटक केशरी हे कागदावर मंद दिसतात. त्यात छापखान्याची लबाडी नाही, शाईची मर्यादा आहे. म्हणून डिझाईन करणाऱ्याला आधीच सांगायचं : "फाईल छपाईच्या चार रंगांत करून द्या आणि मग आम्हाला रंग दाखवा." ह्याला ते सीएमवायके म्हणतात. शब्द लक्षात ठेवा, विचारताना उपयोगी पडतो.

रंगाबद्दल आणखी तीन गोष्टी सांगते.

पहिली, बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवायची. चार रंग मिसळूनही काळा करता येतो, पण मग एकच अक्षर चार प्लेटांवर जातं. एक प्लेट केसभर सरकली की अक्षराला लाल-निळी सावली येते आणि वाचताना डोळे दुखतात.

दुसरी, नेहमीच्या छपाईत पांढरी शाई नसते. पांढरं म्हणजे न छापलेला कागद. खाकी कागदाच्या पिशवीवर किंवा पारदर्शक पाऊचवर छापायचं असेल, तर आपलं पांढरं तिथं खाकी किंवा आरपार दिसणार, आणि पिवळा रंग मातकट होणार. खालून पांढरा थर द्यायचा असेल तर तो वेगळा सांगावा लागतो, त्याचे पैसेही वेगळे पडतात.

तिसरी गोष्ट हिरव्या ठिपक्याची. शाकाहारी मालाची खूण म्हणजे हिरव्या चौकटीत हिरवा गोल, हे आपल्याला माहीत आहे. खर्च वाचवायला कुणी सगळं लेबल काळ्या रंगात छापलं, तर ठिपकाही काळा येतो, आणि ते चालत नाही. एकाच रंगात छापायचं असेल तर सगळं लेबल हिरव्या शाईत छापा. लेबलाची समोरची बाजू १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल, तर गोलाचा व्यास किमान ३ मिलिमीटर हवा आणि चौकटीची बाजू त्याच्या दुप्पट. नमुन्यावर पट्टी ठेवून हे मोजता येतं.

फोटो कसा पाठवायचा

लेबलावर आपल्या मालाचा फोटो असावा असं सगळ्यांना वाटतं. छपाईसाठी एका इंचात साधारण ३०० ठिपके लागतात. चार इंच रुंद फोटो छापायचा असेल, तर तो किमान १२०० ठिपके रुंद हवा. मोबाईलच्या कॅमेऱ्यात ह्याच्या कितीतरी पट ठिपके असतात. अडचण पुढे येते. तोच फोटो एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर जातो, मग त्याचा स्क्रीनशॉट निघतो, मग तो छापखान्यात पोचतो. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना त्याला लहान करतं. पडद्यावर तो चांगला दिसतो, कागदावर धुरकट येतो. संगणकावर ओढून मोठा केला तरी नवे ठिपके कुठून येणार? पीठ तेवढंच असलं तर पोळी मोठी लाटून पातळच होणार.

म्हणून फोटो काढला त्याच मोबाईलमधून, "डॉक्युमेंट" म्हणून जोडून पाठवा किंवा ईमेलनं पाठवा. फोटो सकाळच्या उजेडात, सावलीत, साध्या कापडावर ठेवून काढा. इंटरनेटवरून उचललेला फोटो नको. तो दुसऱ्याच्या मालकीचा असतो, आणि त्या बरणीतलं लोणचं आपलं नसतं.

मराठी अक्षरांची काळजी

इंग्रजी मजकुरापेक्षा मराठी मजकुराला जास्त जपावं लागतं. संगणकावर मराठी आणण्याचं बरंच काम पुण्यातच झालं आहे. सी-डॅक ही संस्था इथं १९८८ साली सुरू झाली, श्रीलिपी हे सॉफ्टवेअरही पुण्यातल्याच कंपनीचं. अशा सॉफ्टवेअरमुळे डीटीपीच्या दुकानांतून मराठी पुस्तकं, पत्रिका, लेबलं तयार व्हायला लागली. पण त्या काळातल्या फॉन्टांत अक्षरं साठवायची पद्धत ज्याची त्याची वेगळी होती. आज आपण मोबाईलवर लिहितो ती युनिकोड पद्धत सगळीकडे एकच आहे. जुने फॉन्ट अजूनही अनेक दुकानांत चालतात. आपला मोबाईलवरचा मजकूर तिथं गेला की तो बदलून घ्यावा लागतो किंवा पुन्हा टाइप करावा लागतो. अक्षरं निसटतात ती तिथंच.

काय निसटतं? "कैऱ्या"चं "कैर्या" होतं, "भाकऱ्या"चं "भाकर्या" होतं. जोडाक्षरं सुटी होतात. अनुस्वार उडतो आणि "आंब्याचं लोणचं" हे "आब्याचं लोणचं" होतं! हसू येतं, पण बरणीवर छापलं गेलं की हसू येत नाही. तसंच "ल" आणि "श" बघा. ह्या दोन अक्षरांचं मराठी वळण हिंदी फॉन्टांतल्या वळणापेक्षा वेगळं असतं. मराठी वर्णमालेबद्दल महाराष्ट्र शासनानं २००९ साली निर्णय काढला, त्यात मराठी वळण दाखवलं होतं. "लसूण" आणि "शेंगदाणा" आपल्या वळणात हवे असतील तर तसा फॉन्ट मागून घ्या.

मजकूर बरोबर झाला की पुढची पायरी. आपल्या संगणकावरचा फॉन्ट छापखान्याच्या संगणकावर असेलच असं नाही. नसेल तर तिथं फाईल उघडताच अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. म्हणून छापखान्यात द्यायच्या फाईलमध्ये अक्षरांचं चित्रात रूपांतर करतात. ह्याला "कर्व्ह करणं" म्हणतात. कर्व्ह केलेलं अक्षर कुठंही तसंच दिसतं, पण मग ते बदलता येत नाही. म्हणून कर्व्ह न केलेली एक प्रत आधी जपून ठेवायची.

अक्षर किती बारीक चालेल? मराठी अक्षराला वर वेलांटी-मात्रा असतात, खाली उकार असतात, म्हणून ते लवकर गिचमिड होतं. सहा पॉइंटपेक्षा लहान करू नका. गडद रंगावर पांढरी अक्षरं असतील तर ती आणखी मोठी आणि ठळक ठेवा. शाई थोडी पसरते आणि पांढऱ्या अक्षराची पोकळी भरून टाकते.

लेबलावर जागा कशाकशाला लागते

सजावट करण्याआधी सक्तीच्या मजकुराला जागा द्या. पदार्थाचं नाव, घटकपदार्थ, निव्वळ वजन, बनवणाऱ्या गटाचं नाव आणि पूर्ण पत्ता, अन्न परवान्याचं चिन्ह व चौदा आकडी नंबर, शाकाहारी खूण, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन व ईमेल. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे, सगळ्यात जास्त असेल तो पहिला. शेंगदाणे, गहू, दूध, सोयाबीन असं काही असेल तर ॲलर्जीची सूचनाही हवी. कुणाकुणाला शेंगदाण्याचा कण जिवावर बेततो, म्हणून ही ओळ जागेअभावी गाळायची नाही. आपल्या मालाला आणखी काय लागतं, हे परवान्याच्या कार्यालयात किंवा तालुक्याच्या उमेद, माविमच्या कार्यालयात एकदा विचारून घ्या.

भाषेचंही लक्षात ठेवा. अन्नाच्या लेबलावरचा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत असावा लागतो. त्याच्या जोडीला मराठी लिहिता येतं, आणि आपण ते लिहावंच. पण दोन भाषांना जागा दुप्पट लागते, हे माप ठरवतानाच धरायला हवं.

तारीख, बॅच आणि किंमत दर खेपेला बदलते. ती छापून टाकू नका. त्यासाठी पांढरी कोरी चौकट ठेवा, तिथं नंतर शिक्का मारता येतो. आणि छापखान्यात आवर्जून सांगा की लेबलाला लॅमिनेशन असेल तर शिक्क्याची शाई वाळते का, हे एका तुकड्यावर बघून द्या. गुळगुळीत लॅमिनेशनवर शाई पुसली जाते. तारीखच पुसली गेली तर बाकीचं लेबल कितीही देखणं असून काय उपयोग?

प्रूफवर सही गटाची

आता सगळ्यात महत्त्वाचं. छापण्याआधीचा नमुना म्हणजे प्रूफ. ते कागदावर मागा, खऱ्या मापात मागा. मोबाईलवर आपण बोटांनी मोठं करून वाचतो, गिऱ्हाईक बरणीवरचं लेबल मोठं करू शकत नाही. साध्या प्रिंटवरचा रंग अगदी छपाईसारखा येईलच असं नाही, पण माप, मजकूर आणि अक्षराचा आकार कागदावर पक्का कळतो. तो कागद कापून बरणीला गुंडाळा, दिवसाच्या उजेडात धरा आणि चष्मा लागणाऱ्या आजींना वाचायला द्या. त्यांना वाचता आलं तर सगळ्यांना येईल.

मग दोघींनी बसायचं. एकीनं परवान्याचा मूळ कागद हातात घेऊन नंबर एकेक आकडा मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं प्रूफवर बोट ठेवत जायचं. फोन नंबर आणि पिनकोडही तसेच तपासा. लेबलावरच्या नंबरला एकदा फोन लावून बघा, आपल्याच ताईनं उचलला म्हणजे बरोबर! ज्यानं मजकूर टाइप केला त्याला स्वतःची चूक दिसत नाही, म्हणून तपासणारी बाई वेगळी हवी.

सगळ्या दुरुस्त्या एकाच कागदावर, एकदाच लिहून द्या. सकाळी एकीचा निरोप, दुपारी दुसरीचा, रात्री तिसरीचा असं झालं की जुनी फाईल कुठली आणि नवी कुठली, ह्याचाच घोळ होतो. प्लेटा निघण्याआधी दुरुस्तीला फक्त वेळ लागतो. प्लेटा निघाल्यावर नव्या प्लेटांचे पैसे लागतात. छपाई झाल्यावर तर कागदही जातो.

प्रूफवर "छापण्यास परवानगी" लिहून तारीख आणि सही करतात. ही सही समन्वयक ताईची नको, डिझाईन करणाऱ्या भाच्याची नको, सरपंचांचीही नको. अध्यक्ष आणि सचिव ह्यांनी बैठकीत सगळ्यांना दाखवून सही करायची आणि तशी नोंद इतिवृत्ताच्या वहीत घ्यायची. बँकेच्या कागदावर सही करताना आपण आता विचारतो, "ह्यात काय लिहिलंय?" तेच इथं विचारायचं. लेबलावर आपल्या गटाचं नाव आहे. त्याखाली जे छापलं जाईल त्याला जबाबदार आपणच.

किती छापायची, हेही आधी ठरवा. ऑफसेटला प्लेटांचा खर्च सुरुवातीलाच येतो, म्हणून शंभर लेबलं महाग पडतात आणि पाच हजार स्वस्त. पण माल नवा असेल, किंमत-पत्ता बदलायची शक्यता असेल, तर आधी डिजिटल छपाईत थोडी घ्या. तिथं प्लेट लागत नाही. एका लेबलाला जास्त पैसे पडतात, पण पाच हजार चुकीची लेबलं स्वस्तात घेण्यापेक्षा ते बरं.

फाईल कुणाच्या ताब्यात

काम झालं, पैसे दिले, लेबलं घेऊन आलो. फाईल कुठं आहे? बहुतेक वेळा उत्तर येतं, "त्या पोराकडं." पोरगा नोकरीला दुसऱ्या गावी जातो, त्याचा संगणक बिघडतो, आणि पुढच्या वर्षी पत्ता बदलायचा तर सगळं लेबल पहिल्यापासून करावं लागतं, पुन्हा पैसे देऊन.

म्हणून काम सांगतानाच ठरवून घ्या की पैसे दिल्यावर आम्हाला दोन फाईली मिळाल्या पाहिजेत. एक छापखान्यात द्यायची पीडीएफ, दुसरी बदल करता येणारी मूळ फाईल. सोबत वापरलेले फोटोही. हे सगळं गटाच्या ईमेलवर ठेवा, आणि एक पेनड्राइव्ह वहीसोबत पेटीत ठेवा. नाव स्पष्ट द्या, "मिरची लोणचं, ५०० ग्रॅम" आणि पुढे महिना-वर्ष. "फायनल", "नवी फायनल", "शेवटची फायनल" अशी नावं दिली की छापखान्यात हमखास चुकीची फाईल जाते.

पुढच्या बैठकीला एक काम करा. घरातला एखादा पुठ्ठ्याचा खोका, टूथपेस्टचा किंवा औषधाचा, घेऊन या. त्याची घडी उलगडा. आतल्या पट्टीवर बऱ्याचदा रंगांचे छोटे ठिपके किंवा चौकोन छापलेले दिसतील. वर्तमानपत्राच्या पानाच्या कडेलाही ते असतात. रंग नीट बसलेत का, हे छापणारा त्यावरून बघतो. मग शाळेतल्या बाईंकडून भिंग आणा आणि वर्तमानपत्रातला रंगीत फोटो त्यातून बघा. चार रंगांचे ठिपके वेगवेगळे दिसतील. एकदा ते पाहिलं की छापखान्यातली भाषा परकी वाटत नाही. आणि त्याच बैठकीत आपल्या हल्लीच्या लेबलावरचे परवान्याचे आकडेही मोजून घ्या. चौदा भरले पाहिजेत.